तुमच्या बागेची उचल कोण फेडतं?

प्रति,
रेडमंड आणि आसपासच्या गावांतील मराठी घरमालक, तसेच गृहसंकुलांच्या कार्यकारी मंडळांवर काम करणारे मराठी सभासद यांस,



रेडमंडमध्ये मी एक छोटी बागकाम कंपनी चालवतो. गवत कापणं, हेज छाटणं, वसंतात बार्क पसरणं, ऑक्टोबरात पाण्याच्या लाइनी मोकळ्या करणं, मधूनच एखादा दगडी पॅटिओ, अशी आमची कामं. एज्युकेशन हिलपासून रेडमंड रिजपर्यंत तुमच्यातल्या कित्येकांच्या यार्डात मी उभा राहिलो आहे. तुम्ही मला दादा म्हणता, आतून चहा पाठवता, कढीपत्त्याचं रोप हिवाळ्यात कसं जगवायचं ते विचारता. या जिव्हाळ्याच्या जोरावरच आज थोडं रोखठोक लिहितो आहे. राग आला तर फोन जरूर करा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

माझी तक्रार अशी. कोटेशन दिलं की तुमच्याकडून ठरावीक प्रश्न येतात. किती कमी होईल? शनिवारच्या आत होईल का? विम्याचं सर्टिफिकेट आहे ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. चौथा मात्र कधीच येत नाही. हे काम जी माणसं करणार त्यांच्या हातात किती पडणार, आणि हा दगड ज्याने खाणीतून काढला त्याला मजुरी मिळाली का? अंडी घेताना खोकं उलटंपालटं करून 'केज-फ्री' लिहिलंय का ते तुम्ही पाहता. म्हणजे कोंबडीची चौकशी होते. दारातल्या फरशीसाठी कोणाचं आयुष्य गहाण पडलं, याची होत नाही.

हा विषय काढला की बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, "गुलामगिरी? आजच्या काळात? आणि इथे?" म्हणून आधी आकडा सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, वॉक फ्री ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१ मध्ये जगात जवळपास ५ कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत अडकलेली. यांच्या पायात बेडी दिसणार नाही. बेडीचं काम कर्ज करतं, काढून घेतलेला पासपोर्ट करतो, "परत पाठवून देईन" ही धमकी करते.

आपल्याला हे चित्र परकं नाही. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. मुकादम आधीच उचल देऊन बसलेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की दंड. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभं राहावं लागतं. खाडा परवडत नाही म्हणून पाळीच्या त्रासातून सुटायला बायकांनी गर्भाशयच काढून टाकल्याची बोंब झाली, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ च्या त्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुढे २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी केलेल्या शोधवृत्तांतात महाराष्ट्रातल्या या साखरेचा माग कोका-कोला आणि पेप्सीच्या पुरवठ्यापर्यंत लागला. बीडच्या फडातला कोयता आणि आपल्या फ्रिजमधला कॅन यांत अंतर आहे ते एवढंच.

उचल म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागत नाही, त्याला रेडमंडमधली उचलही ओळखता यायला हवी. म्हणून हे पत्र मी मराठी माणसांना लिहितो आहे. सक्तीची मजुरी आपल्या बागेत दोन वाटांनी शिरते, एक मजुराबरोबर आणि दुसरी मालाबरोबर. दोन्हींच्या मुळाशी मजुराच्या डोक्यावरचं कर्ज सापडतं.

आधी मजुराची वाट पाहू. अमेरिकेत बागकामासारख्या हंगामी, पण शेतीत न मोडणाऱ्या कामांसाठी एच-२बी व्हिसा असतो. त्याची कायद्यातली वार्षिक मर्यादा ६६ हजार, आणि त्यावर येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट लँडस्केपिंगच्या मजुरांचा. यातली एक गंमत बघा. रोडोडेंड्रॉनचं रोप नर्सरीत असतं तेव्हा त्याला पाणी घालणारा माणूस शेतमजूर ठरतो. तो एच-२ए व्हिसावर येतो आणि त्याच्या राहण्याची सोय मालकाने फुकट करायची असते. तेच रोप तुमच्या यार्डात लावायला येणारा माणूस एच-२बी वाला. त्याला घर देणं मालकावर बंधनकारक नाही. मग ठेकेदारच खोली देतो, एकीत आठजण कोंबतो आणि भाडं पगारातून कापून घेतो. भरतीसाठी मजुराकडून फी घ्यायला दोन्ही व्हिसांत मनाई आहे. पण गावाकडचा दलाल कुठे अमेरिकेचे नियम वाचत बसतो?

एका एप्रिलमध्ये बार्कचं मोठं काम अंगावर होतं, म्हणून एका सबकॉन्ट्रॅक्टरकडून माणसं मागवली. पांढऱ्या व्हॅनमधून चौघं उतरले. कोणालाही काही विचारलं की उत्तर फोरमन द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर बोलत लांब गेला, तेव्हा त्यांतला ग्वातेमालाचा एक तिशीतला माणूस माझ्याशी बोलायला लागला. माझं स्पॅनिश कामापुरतं, पण हिशेब कळायला तेवढं पुरलं. खताच्या रिकाम्या पिशवीच्या पाठीवर त्याने तो मार्करने मांडला. इथे येण्यासाठी गावच्या सावकाराकडून घेतलेली रक्कम, तिच्यावर महिन्याचं व्याज, आईच्या नावावरच्या जमिनीचे कागद सावकाराच्या ताब्यात. त्याखाली दर आठवड्याची कपात लिहिली. खोलीचं भाडं, व्हॅनचे पैसे, फावड्याचे पैसे. होय, ज्या फावड्याने तो तुमच्यासाठी खणत होता, त्याचंही भाडं. सगळ्यात खाली उरलेला आकडा त्याने दोनदा गिरवला. "पासपोर्ट कुठे आहे?" असं विचारलं तर तो बोलला नाही, व्हॅनकडे पाहिलं. तेवढ्यात फोरमन परत आला आणि पिशवी घडी होऊन कचऱ्यात गेली.

त्या दिवसाची मजुरी मी चौघांच्या हातात दिली, राज्याच्या कामगार खात्याचा नंबर त्या माणसाला लिहून दिला आणि त्या ठेकेदाराशी व्यवहार बंद केला. उरलेलं काम माझ्या नेहमीच्या माणसांनी केलं, त्यामुळे ते लांबलं. ज्या संकुलाचं काम होतं, त्याच्या बैठकीत मी उशिराचं कारण सविस्तर सांगितलं. इतिवृत्तात 'ठेकेदाराकडून विलंब' एवढंच उमटलं, आणि पुढच्या वर्षीचं काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला गेलं. त्या मंडळात दोन मराठी सभासद होते. माझं दुखणं आहे ते हे.

तुमच्यातले कितीतरी जण एच-१बी वर आले. नोकरी गेली तर हातात साठ दिवस, हे गणित तुम्हाला झोपेतही येतं. रात्री उठून तारखा मोजणं, बॉसचा चेहरा पडला तरी पोटात गोळा येणं, ग्रीन कार्डची रांग सरकेपर्यंत तोंड बंद ठेवणं, हे सगळं तुम्ही भोगलेलं आहे. आता त्यातून तुमचा पगार वजा करा, इंग्रजी वजा करा, वकील आणि बँकेतली शिल्लक वजा करा. उरतो तो त्या व्हॅनमधला माणूस.

"हे तुरळक असणार" असं कोणी म्हणेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यात 'ऑपरेशन ब्लूमिंग अनियन' या तपासात २४ जणांवरचं आरोपपत्र जाहीर झालं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून व्हिसावर आणलेल्या मजुरांना बंदुकीच्या धाकात उघड्या हातांनी कांदे उपटायला लावलं आणि बादलीमागे २० सेंट दिले, असं त्या आरोपपत्रात म्हटलं होतं. आणि आपलं वॉशिंग्टन? मानवी तस्करीला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी याच राज्याने केला, २००३ साली. आमदार वेल्मा वेलोरिया यांनी तो लावून धरला होता. ज्या राज्याला असा कायदा सर्वांच्या आधी करावासा वाटला, तिथे हा प्रश्न नाही असं समजणं सोयीचं असेल, खरं नाही.

आता मालाची वाट. माझ्या पिकअपमध्ये काय काय असतं ते सांगतो, म्हणजे ही वाट किती जवळून जाते ते कळेल.

औषध फवारताना घालायचे रबरी हातमोजे. यांतले बरेच मलेशियात बनतात. तिथल्या कारखान्यांत बांगलादेश, नेपाळचे मजूर दलालांना मोठी फी देऊन येतात आणि वर्षानुवर्षं ती फेडत राहतात. जगातली सर्वांत मोठी हातमोजे कंपनी टॉप ग्लोव्ह. तिच्या मालाला जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून दारातच अडवलं.

पायवाटेच्या कडेने खोचायचे सौर दिवे. त्यातल्या चकतीसाठी जे सिलिकॉन लागतं, त्याचा मोठा वाटा चीनच्या शिनजियांग प्रांतातून येतो. तिथे उइघुर लोकांना सक्तीने राबवलं जातं, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने वेगळा कायदा केला आणि जून २०२२ पासून तो लागू झाला. त्या प्रांताशी संबंध असलेला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं आता गृहीत धरलं जातं. तसं नाही हे आणणाऱ्याने सिद्ध करायचं. पण ८०० डॉलरपेक्षा कमी किमतीची पार्सलं फारशा तपासणीविना आत येण्याची सवलत २०२५ पर्यंत चालू होती. ऑनलाइन मागवलेला स्वस्त दिव्यांचा डझन त्याच फटीतून तुमच्या दारात येत असे.

पॅटिओचा वालुकाश्म. राजस्थानातल्या कोटा-बुंदी भागातला दगड ब्रिटन आणि युरोपात ढिगाने जातो आणि अमेरिकेतही विकला जातो. बुंदी जिल्ह्यातलं बुधपुरा हे गाव दगडी कोबल फोडणाऱ्या मुलांमुळे बदनाम झालं. खाणीतला मजूर आगाऊ रक्कम घेऊन कामाला लागतो आणि ती फिटायच्या आत छातीत दगडाची धूळ साठून सिलिकोसिसने आजारी पडतो. कर्ज मग घरातल्या पुढच्या माणसाकडे जातं. अमेरिकेचं कामगार खातं बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीतून तयार होणाऱ्या वस्तूंची एक यादी प्रसिद्ध करतं. भारतातला दगड आणि भारतातल्या विटा, दोन्ही तिच्यात आहेत. बागेतल्या बाकांसाठी वापरलं जाणारं म्यानमारचं सागवानही आहे.

"मग सरकार काय करतं?" हा पुढचा प्रश्न. सक्तीच्या मजुरीचा माल आयात करायला अमेरिकेत १९३० पासून बंदी आहे. पण देशात एखाद्या वस्तूचं उत्पादन पुरेसं नसेल तर तसा माल चालेल, अशी पळवाट त्याच कायद्यात होती. ती बुजवायला २०१६ उजाडलं. पुरवठ्याची माहिती जाहीर करण्याचे कायदे आहेत, पण ते मोठ्यांसाठी. कॅलिफोर्नियाचा कायदा १० कोटी डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू होतो, ब्रिटनचा २०१५ चा कायदा ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वरच्यांना. माझ्यासारख्या पिकअपवाल्याला कोणी विचारत नाही. सरकारी नजरेच्या खाली जी जागा उरते, तिथे विचारू शकेल असा एकच माणूस आहे, तो म्हणजे गिऱ्हाईक. तुम्ही.

माझ्या परीने मी काय करतो तेही सांगतो, नाहीतर लोका सांगे ब्रह्मज्ञान असं व्हायचं. विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूची एका कागदावर यादी ठेवली आहे. कोणाकडून घेतली, कुठल्या देशातली, जोखीम किती. ती कामगार खात्याच्या यादीशी ताडून पाहतो, ती फुकट बघायला मिळते. बाहेरचा माणूस कामावर घेण्याआधी त्याच्याशी एकट्याशी बोलतो आणि मजुरी थेट त्याच्याच हातात किंवा खात्यात देतो. घाऊक विक्रेत्यांना दगड कोणत्या खाणीतला, असं लेखी विचारलं. एकाने 'आम्ही सर्व कायद्यांचं पालन करतो' एवढी ओळ पाठवली. दुसऱ्याने नवीन किंमतपत्रक पाठवलं. माझी खरेदी इतकी लहान की त्यांना उत्तराची गरज वाटत नाही. माझ्या पत्रासोबत तुमच्यातल्या पन्नास घरांचं नाव असेल तर त्यांना ती वाटेल.

म्हणून आता माझ्या विनंत्या, एकेक करून.

पहिली विनंती दराबद्दल. कोटेशन घासाघीस करून कमी करण्याआधी एक हिशेब करा. २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातलं किमान वेतन ताशी १६.६६ डॉलर होतं. चार माणसं आठ तास राबली तर नुसती किमान मजुरी ५३३ डॉलर होते. त्यात अपघात विमा, कर, डिझेल, कचरा टाकायची फी, बार्कची किंमत यांतलं काहीच धरलेलं नाही. त्या दिवसाचं काम कोणी ४०० डॉलरमध्ये करून देतो म्हणाला तर तो हुशार व्यापारी आहे असं समजू नका. फरक कोणाच्या तरी मजुरीतून निघतो आहे. १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धेच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली सक्तीची मजुरीच आहे, असा निर्वाळा दिला. भूक आणि गरिबीची सक्ती हीदेखील सक्तीच, असं न्यायमूर्ती भगवतींनी त्यात मांडलं. "तो स्वतःच्या मर्जीने येतो ना" हे म्हणणं त्या दिवशीच निकालात निघालं.

दुसरी विनंती प्रश्नांबद्दल. बागकामाला कोणालाही बोलवाल, मला किंवा दुसऱ्या कोणाला, तेव्हा तीन गोष्टी विचारा. कामाला येणारी माणसं तुमच्या पगारपत्रकावर आहेत की दुसऱ्या ठेकेदाराची? इथे काम मिळवण्यासाठी त्यांनी कोणाला पैसे दिले आहेत का? त्यांची कागदपत्रं त्यांच्याच जवळ आहेत का? प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर तुमचं काम झालं. एखाद्या दिवसापुरतं माणूस हवं असेल तर सिएटलच्या कासा लॅटिनासारख्या मजूर केंद्राकडून घ्या, तिथे मजुरीचा दर आधी ठरलेला असतो.

तिसरी विनंती मंडळांवरच्या सभासदांना. संकुलाच्या करारात विम्याची अट घालता तशी आणखी एक अट घाला: भरतीची फी मजुराने भरलेली नसावी, पगारातून हत्यारांचे पैसे कापू नयेत आणि पोटठेकेदार आणायचा तर मंडळाला आधी कळवावं. निविदा उघडताना सर्वांत कमी दर दिसला की तो कसा जमतो हे लेखी मागा. आणि बिल वेळेवर द्या. तुम्ही साठ-साठ दिवस बिल थांबवता, पण मजुराचा आठवडा दर शुक्रवारी संपतो. मधली पोकळी भरायला छोटा ठेकेदार उसने घेतो किंवा मजुरी थकवतो. शोषणाची सुरुवात पुष्कळदा अशा सभ्य ईमेलने होते: "पेमेंट पुढच्या महिन्यात करू."

चौथी विनंती मालाबद्दल. पॅटिओसाठी दगड निवडताना 'इम्पोर्टेड' या शब्दाला भुलू नका. आपल्याच राज्याच्या पूर्व भागात, कोलंबियाच्या खोऱ्यात बेसाल्टच्या खाणी आहेत. आपला सह्याद्री ज्या दगडाचा, तोच हा दगड, आणि इथल्या खाणीला इथले सुरक्षेचे आणि वेतनाचे कायदे लागू आहेत. भारतातलाच वालुकाश्म हवा असेल तर खाणीचं नाव मागा. मिळालं नाही तर घेऊ नका. सौर दिवे कमी लावा पण माहितीच्या कंपनीचे लावा.

पाचवी विनंती जरा वेगळी आहे. एखाद्या पुरवठादाराकडे काही गैर आढळलं की त्याला ताबडतोब सोडून मोकळं व्हायची घाई करू नका. पासपोर्ट दाबून ठेवणाऱ्या ठेकेदाराची तक्रारच करायची, तिथे चर्चा नाही. पण कारखाना दूर असेल तेव्हा नुसतं नाव काळ्या यादीत टाकून मजुराचं कर्ज फिटत नाही. टॉप ग्लोव्हचंच उदाहरण घ्या. माल अडल्यावर त्या कंपनीने मजुरांनी दलालांना दिलेली फी परत करायला सुरुवात केली. ती रक्कम सुमारे १३ कोटी ६० लाख रिंगिट होती. सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. अटी घातल्या आणि पाठपुरावा केला तर पैसे मजुराच्या घरी पोचतात, हे त्यातून सिद्ध झालं.

सहावी विनंती तुमच्या नोकरीशी निगडित आहे. तुमच्यातले अनेकजण ज्या मोठ्या कंपन्यांत काम करतात, तिथे पुरवठादारांसाठी आचारसंहिता असते, तपासणी असते, ती करणारे तज्ज्ञ असतात. कदाचित तुम्हीच त्या विभागात असाल. त्या अनुभवातून छोट्या धंद्यांसाठी एक पानाची प्रश्नावली करून द्या, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. बागकामवाले, साफसफाईवाले, रंगकामवाले, सगळ्यांना ती उपयोगी पडेल. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एक तास या विषयाला दिला तर नाट्यसंगीताला काही कमी पडणार नाही.

सातवी आणि शेवटची विनंती घराकडची. बाणेर किंवा हिंजवडीत फ्लॅट घेताना बिल्डरला कार्पेट एरिया विचारता, तेव्हा वीट कुठल्या भट्टीची हेही विचारा. रायगड-पालघरची कातकरी कुटुंबं पावसाळ्यात बयाणा उचलतात आणि उरलेलं वर्ष भट्टीवर काढतात. मुलं शाळेऐवजी विटा थापतात. वेठबिगारी भारतात १९७६ च्या कायद्याने संपली. तरीही वसई-भिवंडीकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटना उभारून त्यानंतर कैक वर्षं वेठबिगार सोडवावे लागले. २०२२ मध्ये इगतपुरी भागातून काही हजार रुपये आणि मेंढी यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिलेली कातकरी मुलं सापडली. ही बातमी तुम्हीही फोनवर वाचली असेल आणि पुढे सरकवली असेल.

"आम्ही एकेकटे काय करणार?" असं तुम्ही म्हणाल. गवत कापणाऱ्याच्या धंद्यातला माणूस म्हणून मला एक गोष्ट फार जवळची वाटते. डहाणू-तलासरीत लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याचे लग्नगडी व्हायचे, पुष्कळदा जन्मभर. १९४५ साली तिथल्या वारल्यांनी या पद्धतीविरुद्ध आणि वेठीविरुद्ध उठाव केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्या ऑक्टोबरात संप झाला तो गवत कापणीच्या दरावरून, ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मिळावेत म्हणून. तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ५ वारली मारले गेले. तरीही लग्नगडी पद्धत मोडली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी गवताच्या दरासाठी जीव दिला. आपल्याकडून अपेक्षा आहे ती दोन-तीन प्रश्न विचारायची आणि वाजवी दर द्यायची.

आणखी एक आठवण करून देतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी आपल्या देशातली गुलामी मोडली होती. आज त्या देशातले घरमालक तुम्ही आहात. तो मान आता तुमच्या वाट्याला आला आहे आणि त्याबरोबरची जबाबदारीही.

येत्या मार्चमध्ये कोटेशनं मागवाल तेव्हा मलाही मागवा, आणि वरचे सगळे प्रश्न आधी मलाच विचारा. माझ्याकडे उत्तर नसेल तर काम दुसऱ्याला द्या, वाईट वाटणार नाही. पण न विचारता कोणालाच काम देऊ नका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
रेडमंडमधील एक मराठी बागकामवाला

ता. क. : कामावर आलेल्या कोणाला बोलू दिलं जात नाही, त्याची कागदपत्रं दुसऱ्याकडे आहेत किंवा पगार कर्जात वळता होतो आहे असं दिसलं, तर राष्ट्रीय मानवी तस्करी हेल्पलाइनचा क्रमांक १-८८८-३७३-७८८८ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि दुभाषी मिळतो. थकलेल्या मजुरीची तक्रार राज्याच्या कामगार खात्याकडे करता येते, मजुराकडे कागदपत्रं असोत वा नसोत. फोन करताना स्वतः मध्ये पडू नका आणि त्या माणसाच्या फोरमनसमोर बोलू नका. क्रमांक मात्र आजच फोनमध्ये साठवून ठेवा.